माझ्या आवाजाखालची टकटक

मित्रांनो, नाशिकला आग्रा रोडवर भिकन मिस्त्रींचे गॅरेज आहे. त्याच्या मागच्या भिंतीला टेकून उभा असलेला मी एक जुना, जाडजूड सायलेन्सर पाइप आहे. वारा सुटला की माझ्या पोटातून हुंकार निघतो, आणि त्या हुंकाराखाली मला बारीक टकटक ऐकू येते. आसपास तेव्हा एकही इंजिन चालू नसते.

मी मूळचा ट्रकचा. पिंपळगावचा कांदा मुंबईला नेणाऱ्या ट्रकखाली माझी उमेदीची वर्षे गेली. १९७७ साली तो ट्रक मोडीत निघाला आणि मी मिस्त्रींकडे आलो. तिथे गोरक्षची नजर माझ्यावर पडली.

गोरक्ष टॅक्सी चालवायचा. गाडी जुनी अँबॅसेडर, पण निगा अशी की नव्या गाडीने लाजावे. त्याची आई भागीबाई नांदगावला लेकीकडे, सिंधुबाईकडे राहायची. तिला कमी ऐकू यायचे. दर रविवारी गोरक्ष गाडी घेऊन जायचा, पण गाडी दारात उभी राहिली तरी म्हातारीला पत्ता नसायचा. मग ती रुसायची, "चोरावानी येतो मेला!" गोरक्षने त्यावर उपाय शोधला. तो उपाय म्हणजे मी.

"मिस्त्री, हा बसवा. आईला वळणावरूनच कळलं पाहिजे, लेक आला म्हणून."

"आरं, हा ट्रकचा हाय," मिस्त्री म्हणाले. "बसवतो. पण पाइप मोठा केला की कार्बोरेटर परत जुळवून घ्यावा लागतो. नायतर पेट्रोल कमी आन् हवा जास्त. इंजिन लय तापंल. त्यासाठी आठ दिसांनी गाडी आण."

"आणतो की."

'आणतो की' म्हणणाऱ्याचे आठ दिवस कधी भरले आहेत का?

पहिल्या रविवारी नांदगावच्या वळणावर मी असा गरजलो की कोंबड्या छपरावर चढल्या. भागीबाई काठी टेकत दारात आली आणि साऱ्या आळीला सांगत सुटली, "माझ्या गोरक्षची गाडी! मला ऐकू आली!" मला तर स्वर्ग दोन बोटे उरला.

पण थोड्याच दिवसांत चढण लागली की इंजिनाच्या पोटात बारीक टकटक होऊ लागली. ते आपले दुखणे सांगत होते. एरवी गोरक्षचा कान मोठा तिखट. एवढीशी कुरकुर झाली तरी तो गाडी बाजूला घेई. आता त्याला काहीच ऐकू येत नव्हते, कारण वरून मी बोंबलत होतो. मला गप्प बसता येत नव्हते, मित्रांनो. गाडीचा दम कमी पडू लागला तेव्हा त्याने पाय आणखी दाबला. मी आणखी ओरडलो.

दिवाळीनंतर एका सकाळी सिंधुबाईची तार आली. आई अत्यवस्थ होती. गोरक्ष तसाच निघाला. चांदवडच्या चढणीवर टकटक वाढत गेली आणि एकाएकी गाडी धुरात उभी राहिली. पिस्टनला भोक पडले होते. गोरक्षने कितीतरी वेळ येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना हात केले. शेवटी एका ट्रकवाल्याने त्याला घेतले. मी रस्त्याच्या कडेला थंड होत पडलो.

गाडी ओढून गॅरेजात आणली. चौदाव्या दिवशी गोरक्ष आला, तेव्हा त्याचे डोके भादरलेले होते. मिस्त्रींनी पिस्टन त्याच्या हातात ठेवला.

"एकट्या पाइपानं इंजिन मरत नाय, गोरक्ष. पाइप बदलला आन् बाकी तसंच ठेवलं, म्हणून मेलं. कवापास्नं टकटकत आसंल. तुला ऐकू आलं नाय?"

गोरक्ष खाली बसला. "आई शेवटपर्यंत शुद्धीवर होती, मिस्त्री. दुपारभर विचारत होती, गोरक्षची गाडी वाजली का? ताईला बघवेना. तिनं खोटंच सांगितलं, वाजली, वळणावर आलाय. तर आई म्हणाली, 'मला नाय आली ऐकू. गेले म्हणायचे माझे कान.' आणि तेवढ्यात गेली."

मिस्त्रींनी त्याच दिवशी मला सोडवून इथे ठेवले.

मित्रांनो, गाडीला मोठा पाइप बसवायचाच असेल तर इंजिनही त्याच्याजोगे जुळवून घ्या. बिघडण्याआधी ते हळू आवाजात सांगते, त्याच्यावर माझ्यासारखा गोंगाट घालू नका. मला आता कोणी गाडीखाली लावत नाही, आणि तेच बरे आहे. एकच सांगणे मनात राहिले आहे, आणि ते ऐकायला भागीबाई नाही. त्या दुपारी तिच्या कानांचा काही दोष नव्हता. मी वाजलोच नव्हतो.