बापाची सही

"मॅडम, नातेवाईक ऐकत नाहीत, जरा वर या," असा फोन आला की मला नातेवाईकांच्या आधी आमच्याच डॉक्टरांची चीड येते. ऐकत नाहीत म्हणजे काय? यांनी सांगितलेलं असतं काय? पण इस्पितळात समाजसेविकेचं कामच ते. दुसऱ्याने सांडायचं आणि मालन कांबळेने पुसायचं. घाटकोपरला येऊन मला वीसेक वर्षं झाली, फडकं काही सुकलेलं नाही.

त्या दिवशी फोन मुलांच्या सर्जरी वॉर्डातून होता. शिकाऊ सर्जन सुयोग दारातच भेटला. दहा वर्षांची मुलगी, नाव जान्हवी. पहाटेपासून पोटात कळा, उलट्या. सोनोग्राफीत दिसलं की उजवीकडच्या अंडाशयाला पीळ पडलाय आणि त्याचं रक्त बंद झालंय. ताबडतोब उघडायला हवं.

"सगळं समजावलं मी," सुयोग म्हणाला. "घरचे सही देत नाहीत. गावाहून फोन यायचाय म्हणे."

"कसलं समजावलंस?"

"हेच, की टॉर्शन आहे, ऊफोरेक्टॉमी लागू शकते."

मी कपाळाला हात लावला. हे तो मराठीत बोलला असं त्याला खरंच वाटत होतं.

बाहेर बाकावर दोघे होते. मुलीचा बाप विशाल, एसी दुरुस्त करतो, खांद्याला अजून हत्यारांची बॅग. आणि त्याचा मोठा भाऊ अनंत, इस्त्रीचा पांढरा शर्ट, मोबाइल स्पीकरवर. मुलीची आई तेजल आत खाटेपाशी होती. मी नाव सांगून समोर बसले तरी अनंतने मोबाइलवरची नजर काढली नाही.

"वायच थांबा बाई. गुरव देवळात गेलो हा. कौल लागल्याबिगर आमच्यात काय एक करूचा नाय."

कौल मला नवा नाही. आमच्या मजल्यावरचे परब खोली घेतानासुद्धा गावी विचारतात. देवाच्या अंगावर ओली फुलं चिकटवायची, प्रश्न विचारायचा. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. विचारा बापडे, माझं काय जातं! पण आत पोरगी ओरडत होती, दार लोटलेलं असूनही ऐकू येत होतं, आणि हे दोघे कोकणातल्या कुठल्या फुलाकडे कान लावून बसले होते. मला शिसारी आली.

"विशाल, इकडे बघा," मी म्हटलं. "नळाला पाईप लावून ड्रम भरता ना? पाईप मुरगळला की पाणी येतं का? तुमच्या पोरीच्या पोटात तेच झालंय. बायकांच्या पोटात दोन बाजूंना दोन अंडाशयं असतात. पाळी, मुलं, सगळं त्यांच्यावर. तिचं उजवं मुरगळलंय, रक्त पोचत नाही. पोट उघडून पीळ सोडवायचा. जिवंत असलं तर तसंच ठेवतात. मेलं असेल तर काढावं लागतं, नाहीतर ते पोटात सडेल. उघडल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही. एक राहिलं तरी तिला पाळी येईल, पुढे मुलंही होतील. भूल द्यायची आहे, त्यात थोडा धोका असतोच. पण थांबण्यात त्याहून मोठा आहे."

विशालने मान हलवली. त्याला कळलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्याने भावाकडे पाहिलं आणि जे कळलं होतं ते पुन्हा गिळून टाकलं.

"काढूचा म्हणजे?" अनंत आता माझ्याकडे वळला. "उद्या त्या चेडवाशी लगीन कोण करतलो?"

दहा वर्षांची मुलगी. आत वेदनेने कळवळत होती, आणि हा माणूस बाहेर तिला स्थळ शोधत होता. अशी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, सवय मात्र व्हायची नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात मोबाइल बोलला. उजवा. देवाने ऑपरेशनला परवानगी दिली होती.

मला वाटलं, सुटलो. विशालने पेनासाठी खिशात हातसुद्धा घातला. पण अनंतने त्याचं मनगट धरलं आणि मोबाइलमध्ये दुसरा प्रश्न टाकला, "आता इचार, काढूक देव काय नको?" म्हणजे काढायला द्यायचं की नाही. पुन्हा फुलं लावा, पुन्हा गाऱ्हाणं घाला. पलीकडचा गुरव सावकाश, स्पष्ट आवाजात सगळ्या घराण्याची नावं घेत होता. मध्येच एक कोंबडा ओरडला. ती नावं संपायची वाट बघत आम्ही सगळे बसलो, मीसुद्धा. त्या बसण्याची मला अजून लाज वाटते.

डावा आला.

"झाला तर मग," अनंत म्हणाला. मोठं अवघड काम उरकल्यासारखा तो मागे टेकला. "ऑपरेशन करा. पण काढूची ती ओळ कागदावरसून काटा. मग माझो भाव सही करतलो."

"ओळ खोडून सडकं अंडाशय ताजं होत नाही," मी म्हटलं. "पोट उघडल्यावर डॉक्टरांनी काय करायचं? तसंच शिवून टाकायचं? विशाल, बाप तुम्ही आहात की हे?"

"दादा म्हणतो तसं एकदा..." विशाल पुटपुटला. पुढचं त्यालाच ऐकू गेलं असेल.

तेव्हा तेजल बाहेर आली. ओढणीवर पोरीची उलटी सुकत होती, केस कपाळाला चिकटले होते. तिने दिराकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडे नाही. थेट मला विचारलं, "मॅडम, थांबलो तर काय होईल?"

सकाळपासून हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. देवालासुद्धा नाही.

"अंडाशय नक्की जाईल," मी म्हटलं. "आणि ते सडलं तर जंतू रक्तात जातील. मग तिच्या जिवावर येईल."

"मग घेत का नाही तिला? मी तर आल्या आल्या म्हणाले होते, मी सही करते. हे डॉक्टर म्हणाले, बाबांना बोलवा. मग हे कामावरून येईस्तोवर थांबलो, मग भाऊजी आले."

मी सुयोगकडे वळले. तो दाराला टेकून उभा होता.

"मॅडम, आपण नेहमी बाबांचीच घेतो ना," तो म्हणाला. "नंतर राडा नको म्हणून."

हे त्याने अगदी सहज सांगितलं. अनंतला निदान देवाचा धाक होता. आमच्या या शिकलेल्या पोराला कशाचा होता? जन्म दिलेली बाई पेन मागत समोर उभी आणि हा विचारतो, बाबा कुठे. कायद्याने आईची सही पुरते, हे त्याला पुस्तकात शिकवलेलं असतं. पण वॉर्डात एक वहिवाट असते, ती वरचा खालच्याला शिकवतो. गुरव तरी वेगळं काय करतो?

"कागद आण," मी म्हटलं.

मी तेजलला एकेक ओळ वाचून दाखवली. काढावं लागू शकतं, ही ओळ दोनदा. तिने "कळलं" म्हटलं आणि सही केली.

"देवाचो शब्द मोडतंस तू?" अनंत उठून उभा राहिला.

"देवाला यायचं तर आत येऊ दे, भाऊजी," ती म्हणाली. "मी जातेय तिच्याजवळ."

जान्हवीला पाच मिनिटांत नेलं. दुपारी मोठ्या सर्जन बाहेर आल्या. मुलगी सुखरूप होती, डावं अंडाशय छान होतं. उजवं काळं पडून गळायला लागलं होतं, काढावं लागलं.

विशाल भिंतीशी खाली बसला आणि रडला. अनंतने गावाला फोन लावला, जिन्यापाशी गेला, पण आवाज काही खाली केला नाही. "गाठ होती म्हणान सांग सगळ्यांका. दुसरा काय बोला नको." बस, पोर वाचली याचं याला एवढंच सुख.

तेजल माझ्या शेजारी आली.

"मॅडम, आल्या आल्या माझी सही घेतली असती तर वाचलं असतं?"

खोटं बोलायची सोय होती. पण सकाळपासून तिच्याशी पुष्कळ लोक सोयीने वागले होते.

"खात्री कोणी देणार नाही," मी म्हटलं. "पण शक्यता बरीच होती."

तिने मान डोलावली. रडेल असं वाटलं, पण रडली नाही. ओढणीचा सुकलेला भाग नखाने खरवडत राहिली.

तेवढ्यात सुयोग आला, हातात नवा कागद. काढलेला भाग तपासणीला पाठवायचा होता. आमच्या दोघींवरून त्याची नजर पलीकडे गेली.

"बाबा कुठायत? एक सही हवी होती."

विशाल डोळे पुसत सवयीने उठला.

"बस तू," तेजल म्हणाली.

तो बसला. तिने सुयोगच्या हातून पेन घेतलं, कागद मात्र त्याच्याच हातात ठेवला.

"काय लिहिलंय ते आधी वाचा," ती म्हणाली. "मराठीत. सगळं."

सुयोगने माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे बोट केलं. तो वाचायला लागला, पहिल्याच ओळीला अडखळला, आणि ती पेन हातात धरून पुढच्या शब्दाची वाट बघत राहिली.