कॅनचं झाकण

साडेदहापर्यंत मला काही वाटलं नाही. मकबूल नऊ दहाला उडाला होता. फलटणच्या अलीकडे एका साखर कारखान्याची जुनी धावपट्टी आहे, तिथे पोचायला तासभर लागतो. वारा समोरून असला तर आणखी पंधरा मिनिटं. तिथला वॉचमन ज्ञानदेव दर जानेवारीत आमच्यासाठी हुरडा भाजतो. पट्टीवर मोबाईलला रेंज नाही. पाण्याच्या टाकीची शिडी चढायची, वरून एक रिंग द्यायची आणि कट करायचं, म्हणजे इकडे कळतं की माणूस सुखरूप उतरला. ही आमची पद्धत.

पावणेअकरा झाले. फोन माझ्या हातातच होता. वाजला नाही.

विमान म्हटलं की लोकांना मोठं काहीतरी वाटतं. आमच्या दोन विमानांचं मिळून एका मारुतीएवढं वजन भरणार नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या, वरून ताणलेलं कापड, मागे टू-स्ट्रोक इंजिन. नगर रस्त्याने शिक्रापूर सोडलं की आत माळावर आमची पट्टी आणि पत्र्याची शेड आहे. कंपनीने व्हीआरएस दिल्यावर मी आणि मकबूलने पहिलं विमान दोन वर्षं खपून जोडलं. मकबूलचं नाना पेठेत लेथचं वर्कशॉप आहे, आजोबांपासूनचं. दिग्विजय नंतर आला. खराडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे, वय एकतीस. दुसरं विमान त्याचं.

आणि हेमा. माझी बायको. ती उडत नसे. शेडच्या दारात खुर्ची टाकून बसायची, डबे उघडायची आणि आमच्यावर नजर ठेवायची. गणपतीनंतर पंधरा दिवसांत ती गेली. किडनीचं दुखणं होतं. त्यानंतर पट्टी सोडून लांब जाण्याची आमच्यापैकी कुणाची ही पहिलीच वेळ.

"काका, बसा ना जरा," दिग्विजय म्हणाला. "तुम्ही फेऱ्या मारताय त्याने रेंज वाढणार नाहीये."

"त्याचा फोन लाव परत."

"आत्ताच लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. टाकीवरून खाली उतरले की बाहेरच असणार ना."

"पण टाकीवर चढला असता तर रिंग आली असती."

त्याने परत फोन लावला आणि मान हलवली.

मला दुसरंच काहीतरी सतावत होतं आणि ते मी बोललो नव्हतो. आमच्या इंजिनाला पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं. वीस लिटरच्या कॅनला चारशे मिली. तेल नसेल तर इंजिन आधी नीट चालतं, मग तापतं, मग पिस्टन जाम होतो. पंधरा-वीस मिनिटांत. मिसळायचं काम माझं. हेमा असताना ती कॅनचं झाकण मुठीत धरून बसायची. मी जवळ गेलो की विचारायची, "तेल?" मी म्हणायचो, "घातलं." मगच झाकण मिळायचं. कधी मी चिडायचो, मी चौतीस वर्षं टूलरूममध्ये काढलीत म्हणायचो. ती म्हणायची, "मग एक शब्द बोलायला काय जातं?"

आज सकाळी मी पेट्रोल ओतलं, आणि माझं लक्ष गेलं की दिग्विजयने तिच्या खुर्चीवर हेल्मेट ठेवलंय. मी जाऊन ते उचललं. खुर्ची पुसली. थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. मग परत येऊन झाकण लावलं. झाकण जमिनीवर पडलेलं होतं.

तेल घातल्याचं मला आठवत नव्हतं. न घातल्याचंही आठवत नव्हतं. शेल्फवर एक बाटली अर्धी होती. ती गेल्या रविवारी अर्धी होती की भरलेली, तेही नाही.

अकरा वाजता फोन वाजला. मी नावही न बघता उचलला. कमरजहां होती, मकबूलची बायको.

"भाईसाब, पोचले का हे?"

"वारा आहे समोरून. येईल रिंग."

"एवढा वारा? इथे तर पान हलत नाहीये."

"वर वेगळं असतं."

"वहिनी असत्या तर मला कधीच कळवलं असतं त्यांनी," ती म्हणाली. तिला टोचून बोलायचं नव्हतं. "तुम्ही कळवाल ना?"

"कळवतो."

फोन ठेवला तेव्हा दिग्विजय त्याच्या विमानाचं कव्हर काढत होता.

"मी जाऊन बघतो. विमानतळाच्या कंट्रोलला फोन केलाय, दहा मिनिटांत क्लिअरन्स देतो म्हणाले. नीरा ओलांडेपर्यंत खाली बघत जाईन. शेतात कुठे उतरले असतील तर दिसतील."

"थांब."

"काका, उशीर नको. ते कुठे वाट बघत बसले असतील तर—"

"तुझ्या टाकीत कुठलं पेट्रोल आहे?"

"सकाळचं. तुम्हीच भरलंत. उरलेलं सगळं माझ्यात ओतलंत."

हेल्मेटचा पट्टा लावता लावता त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याला सांगितलं. सरळ सांगितलं, की तेल घातलं की नाही मला आठवत नाही.

तो विमानाच्या टेकूवर बसला. म्हणाला, "हे तुम्ही मला दोन तासांनी सांगताय."

"हो."

"आणि मकबूलभाई तेच भरून गेलेत."

"हो."

"मी उडालो असतो आत्ता, काका." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

टूलरूममध्ये आम्ही एक करायचो, ते मला तेव्हा सुचलं. त्याच्या टाकीच्या तळाच्या नळीतून बाटलीत थोडं पेट्रोल काढलं. आपलं पेट्रोल लालसर, तेलही लालसर, नुसतं बघून कळत नाही. पेपरचं पान उन्हात ठेवलं आणि त्यावर थोडं ओतलं. नुसतं पेट्रोल असेल तर उडून जातं, कागद कोरा होतो. तेल असेल तर डाग राहतो.

आम्ही दोघे पानाजवळ उकिडवे बसलो. ओल कडेकडेने आत सरकायला लागली. नोकरीच्या जाहिरातींचं पान होतं. हेमाच्या रिपोर्टसाठी मी असाच बसायचो, गुडघ्यांवर कोपरं रोवून.

ओल गेली. मधोमध बशीएवढा डाग राहिला. दिग्विजयने पान उचलून उन्हात धरलं. डागातून पलीकडचा उजेड दिसत होता.

"तेल आहे," तो म्हणाला.

"आहे."

"पुरेसं आहे?"

मी शेल्फवरची अर्धी बाटली पुन्हा बघून आलो आणि बोटावर डाग चोळून बघितला. "आहे. घातलंय मी."

पण ते बरं वाटणं मिनिटभरच टिकलं. कारण मग दिग्विजय म्हणाला, "म्हणजे इंजिन तेलाने गेलेलं नाही. मग रिंग का नाही आली?"

तेलाची चूक माझ्या हातातली होती. आता जे काही झालं असेल, ते मला दिसतच नव्हतं. विजेची वायर, आडवी आलेली घार, झोप, छातीत दुखणं. मकबूलही साठीला आलाय.

"निघताना तुम्ही त्यांना काय सांगितलं होतं नक्की?" दिग्विजयने विचारलं. तो कामावर लोकांना असंच विचारत असणार, एकेक पायरी.

"म्हटलं, उतरलास की रिंग दे."

"ते काय म्हणाले?"

"म्हणाला, नेहमीसारखी देतो."

"नेहमीसारखी म्हणजे कुणाला?"

सहा वर्षांत मकबूलने मला एकदाही रिंग दिली नव्हती. कुणीच दिली नव्हती. मी एक तर वर असायचो, नाहीतर तेलात हात घालून बसलेला. सगळ्यांची रिंग हेमाच्या मोबाईलवर यायची.

"काका, काकूंचा नंबर बंद झाला असेल ना?"

"नाही," मी म्हणालो. "चालू आहे."

मीच पुढे म्हणालो, "घरी कपाटात आहे. दर शनिवारी चार्ज करतो."

वाघोलीला आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये आनंदीबाई राहतात. आमची एक चावी त्यांच्याकडे असते. त्यांना फोन लावला.

"आनंदीबाई, माझ्या घरात जाल का जरा? बेडरूमच्या कपाटात डावा खण, साड्यांच्या खाली मोबाईल आहे."

"अहो, मी आत्ता पोळ्या लाटतेय."

"अर्जंट आहे."

"तुमचं सगळंच अर्जंट असतं, आणि आमच्या पोळ्या काय हौसेच्या?" म्हणाल्या, पण गॅस बंद केल्याचा आवाज आला. चावी, दार, त्यांच्या सपाता. मग कपाट करकरलं. दिग्विजय माझ्या फोनला कान लावून उभा होता.

साड्या सरकवल्याचा आवाज आला, मग तोही थांबला.

"आनंदीबाई?"

"अहो, हा चालू आहे." त्यांचा आवाज बदलला होता. "हेमाताईंचाच ना हा?"

"हो. त्यावर काय लिहिलंय बघा."

"थांबा, चष्मा... दोन मिस्ड कॉल. एम ए क्यू... मकबूल. पुढे लिहिलंय, नो कांदा."

मकबूल कच्चा कांदा खात नाही. त्याच्या डब्याच्या आठवणीसाठी तिने नावापुढे लिहून ठेवलं असणार. मला माहीत नव्हतं.

"किती वाजताचे?"

"दहा वाजून बावीस. आणि दहा चोवीस."

मी खुर्चीत बसलो. तिच्याच. चार महिन्यांत पहिल्यांदा. दिग्विजयने फोन माझ्या हातातून घेतला, आनंदीबाईंचे आभार मानले आणि कमरजहांला लावला. "भाभी, उतरलेत ते. हुरडा खातायत. हो हो, केव्हाच. आमचीच चूक."

मकबूल दीडला परत आला. हुरड्याची पिशवी माझ्या मांडीवर टाकली आणि आमच्या तोंडाकडे बघितलं.

"काय झालं रे? मयताला बसल्यासारखे काय बसलाय?"

"रिंग कुणाला दिलीस?"

"वहिनींना, आणखी कुणाला—" तो थांबला. हेल्मेट काढून हातात धरलं. "महिपत, अल्ला कसम, बोट आपोआप गेलं. पहिली नीट लागली का कळेना म्हणून दुसरीही दिली. कट केल्यावरसुद्धा माझ्या ध्यानात आलं नाही."

"बरं झालं. आम्हाला कळलं तरी."

तो माझ्याजवळ जमिनीवर बसला. दिग्विजयने त्याला तेलाचं सांगितलं. मला वाटलं शिव्या देईल. त्याने हुरड्याची पिशवी सोडली, मला मूठभर दिला आणि स्वतःही खायला लागला.

पुढच्या रविवारी मी हेमाचा मोबाईल आणि चार्जर शेडमध्ये नेला. खिळा ठोकून तिच्या खुर्चीच्या वर टांगला. नंबर तोच ठेवला.

पेट्रोल ओतून वळलो तर झाकण कुठे दिसेना. दिग्विजय दारात उभा होता, मूठ मिटून.

"तेल?" तो म्हणाला.

"घातलं."

त्याने झाकण पुढे केलं. मी ते घेतलं, पण लावलं नाही. आधी पेपरचं पान शोधायला गेलो.