चार नंबरचं मशीन

कुल्याशने बाईच्या हातातल्या वाडग्यावर मशीनचा लाल प्रकाश धरला. मशीन गप्पच. पुन्हा धरला. चौथ्यांदा कुठे ते एकदाचं वाजलं.

"आपा, उरका की जरा! नौरोज परवावर आलाय, पुढच्या वर्षी नाही!" रांगेतून कुणीतरी टोमणा मारला.

एकवीस वर्षं ती कझाकस्तानातल्या शिमकेंतच्या या भांड्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसली होती. बोटं न बघता चालायची. यंदा मालकाने गल्लाच काढून टाकला. आता मशीन हातात घेऊन रांगेतच फिरायचं, गिऱ्हाइकाने उभ्याउभ्या फोनवरून पैसे द्यायचे आणि चालू पडायचं. चार मशीनं, चार बायका; सणानंतर तिघीच राहणार होत्या. कोण किती पावत्या फाडतंय ते माडीवर बसलेल्या मॅनेजर येर्देनला दिसत होतं. बाकीच्या तिघी पंचविशीच्या. कुल्याश एक्कावन्नची, पेन्शनला दहा वर्षं बाकी, घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. या वयात दुसरं कोण दारात उभं करणार होतं? सकाळपासून तिने चहाचा घोटही घेतला नव्हता.

रांगेच्या शेवटी एक म्हातारी सहा पेले छातीशी धरून उभी होती. पाय थरथरत होते. कुल्याशने तिला आधी घेतलं. रांगेने वाट करून दिली. पण आजीबाईंना फोन उघडता येईना. नातवाने दिलेला, परवलीचा आकडा विसरलेला. आठवेपर्यंत पलीकडच्या मशीनने पाच गिऱ्हाइकं उरकली.

"झालं आजी. या आता."

म्हातारीने पेले शेजारच्या माणसाकडे दिले आणि दोन्ही तळवे वर केले. "थांब लेकी, तुला आशीर्वाद देते."

कुल्याशने घड्याळाकडे पाहिलं. आता नको गं बाई! पण वडीलधाऱ्यांनी तळवे उघडले की समोरच्यानेही उघडायचे, हातात काही धरायचं नाही. तिने मशीन किटल्यांमध्ये ठेवून दिलं. अख्खी रांग तळवे पसरून उभी राहिली. आजीबाईंनी सात पिढ्यांपासून सुरुवात केली, मग मेंढरं, मग पाऊसपाणी.

येर्देन धाडधाड जिना उतरून आला.

"चार नंबर बंद का..."

पुढचा शब्द त्याने गिळला. त्यानेही तळवे उघडले.

"...हिची भाकर या दारातून कधी तुटू नये. हिच्या साहेबाच्या मनात दया नांदो. आमीन."

"आमीन," सगळे म्हणाले आणि तळवे चेहऱ्यावरून फिरवले. सगळ्यांचे हात खाली आले तरी येर्देनचे चेहऱ्यावरच होते.

म्हातारी पेले घेऊन गेली. कुल्याशने झटकन मशीन उचललं.

"सात मिनिटं गेली ना रे? भरून काढते. जेवायला जात नाही मी."

येर्देनने हात खाली घेतले. जमिनीकडे बघत तो हळूच म्हणाला, "आपा, कामावरून काढायची यादी सकाळीच मालकाकडे गेली. तुमचं नाव घालून."



"मग दिवसभर मला पळवलंस कशाला?"

"गर्दी होती ना, आपा."

मागच्या माणसाने किटली पुढे केली. कुल्याशने ती हातात घेतली आणि झाकणाखालची किमतीची चिठ्ठी शोधायला लागली.