एबीएसचा पिवळा दिवा

सोमवारी माझ्या बायकोला, सत्यशीलाला, केमोसाठी यवतमाळला न्यायचं होतं. पहिल्या खेपेला बसने परतताना उलट्यांनी तिचे फार हाल झाले, म्हणून मुलीने आपली जुनी गाडी आमच्याकडे ठेवली. त्याच गाडीत आता एबीएसचा पिवळा दिवा लागला. जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा बंद पडली होती. उमरखेडहून निघालं की पुसदच्या आधी घाट लागतो.

शेजारच्या मोबाइल दुकानातल्या बबलूने गाडीतले दोष वाचणारं आपलं चिमुकलं बिनतारी यंत्र स्टिअरिंगखाली खुपसलं आणि फोनमध्ये पाहिलं.

"काका, एकबी फॉल्ट नाही. काहून घोर लावून घेता?"

"पण दिवा लागलेला आहे."

"मंग त्याच्यावर काळी पट्टी चिकटवा न!"

मीही हसलो. ग्रंथपाल म्हणून जन्म गेला, पण स्वतःच्या शंकेवर विश्वास ठेवायला काही शिकलो नाही. तरी वाचत बसलो. तसली स्वस्त यंत्रं बहुधा इंजिनाचेच दोष वाचतात. ब्रेकचे वाचायला वेगळी केबल आणि लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर लागतं. मोठ्या गॅरेजवाल्यांकडचं यंत्र गावात कुणाकडे नव्हतं, विकत घेणं झेपणारं नव्हतं. एक साधी केबल सापडली. 'आमच्या गाडीचं एबीएस वाचते का?' हा प्रश्न विक्रेत्यासाठी लिहायचो आणि पुसायचो. शेवटी सत्यशीलानेच तो पाठवला.

उत्तर आलं, 'हो.' एवढंच. त्यावरही मी दोन दिवस विचार केला, मग केबल मागवली.

ती जोडल्यावर पडद्यावर आलं: मागचं डावं चाक, सेन्सरचा सिग्नल नाही. चाक काढलं. तार उंदराने कुरतडली होती. तुटकी टोकं कथिलाने झाळून जोडली, वर संरक्षक नळी चढवली, लॅपटॉपवरून दोषाची नोंद पुसली. दिवा विझला. माझा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. ती जोडणी माझ्या हातची होती.

मोकळ्या रस्त्यावर ब्रेक तपासायला एकटाच निघालो, तर सत्यशीला डोक्याला रुमाल बांधून दाराशी उभी.

"तू नको."

"सोमवारी बसायचंच आहे न मले? मंग आजच पाहू द्या."

तिने पट्टा लावला. गावाबाहेर मागेपुढे कुणी नाही असं पाहून मी वेग घेतला आणि ब्रेक कचकन दाबला. पायाखाली पेडल धडधडलं आणि ती धडधड साऱ्या गाडीत जाणवली; एबीएस चालू असल्याची तीच खूण. गाडी सरळ रेषेत थांबली.

तिचा हात माझ्या मनगटावर होता.

"असंच थरथरते का ते एबीएस?"

"हो," मी म्हणालो.