मालकांच्या पायातले जांभळे मोजे

मित्रांनो, मी मोजे विणणारी एक जुनी मशीन आहे, आणि आज मला गप्प बसवत नाहीये! एकशे चव्वेचाळीस सुया आहेत माझ्या पोटात, आणि आज एकूण एक सुई नाचतेय. का ते सांगते, पण जरा दमानं. मी वरून सुरुवात करते, टाच वळवते आणि मगच बोटांशी येते. माझी रीतच तशी आहे.

मला बनवलं एका दाढीवाल्या फिटरनं. सुई बसवताना तो मला दम द्यायचा, "नीट चाल हं, माझं नाव खराब करू नकोस." मी नाही केलं! कारखान्यात आले तेव्हा आम्ही बारा बहिणी होतो. वरून दोरा यायचा, खाली पांढरेशुभ्र मोजे धडाधड पडायचे. शाळेतली सगळी मुलं आमचेच मोजे घालायची. त्यांच्या आया म्हणायच्या, "पाय वाढतो, पण मेला मोजा फाटत नाही!" हे ऐकलं की मी अशी फुगायचे, काय सांगू.

मग बाजारात बाहेरदेशचे मोजे आले. रंगीबेरंगी, चित्रांचे, एकावर एक फुकट. गिऱ्हाइकं तिकडे वळली. माझ्या नऊ बहिणी भंगारात गेल्या, दोघींवर ताडपत्री पडली आणि त्या चालवणाऱ्या बायका घरी बसल्या. शेजारचे बेकरीवाले काका चहाच्या वेळी पावाचे दोन ट्रे आणायचे, ते अर्धाच ट्रे आणू लागले. त्यांनी तरी काय करावं? पाव खायला माणसंच उरली नव्हती.

शेवटी राहिली फक्त शाळेची ऑर्डर. तीही गेली की कारखान्याला कुलूप, ताई घरी आणि मी भंगारात. ताई म्हणजे मला वीस वर्षं चालवणारी बाई. माझा आवाज जरा बदलला तर तिला जेवण जात नाही.

मागच्या सोमवारी शाळेच्या मोठ्या बाई दोन पालकांना घेऊन आल्या. यंदा मोजे आमचे घ्यायचे की बाहेरचे, हे त्या ठरवणार होत्या. आमच्याकडे जोडे दाराबाहेर काढावे लागतात, पांढऱ्या मालाला धूळ लागते ना! मालक तर भलत्याच जोशात. छाती काढून म्हणाले, "बाई, आपल्याच माणसांनी आपला माल घेतला नाही, तर इथल्या कामगारांनी जायचं कुठं?"

वा! मी मनात टाळ्या वाजवल्या. पण मोठ्या बाई बघत होत्या मालकांच्या पायांकडे. पायात जांभळे मोजे, त्यांवर पिवळी बदकं, आणि एकातून अंगठा बाहेर डोकावतोय!

"मालक, हे तुमच्या कुठल्या मशीनवरचे?"

मालकांचा चेहरा मोज्यांहून जांभळा झाला. "ते... स्वस्त मिळाले होते..."

अरे देवा! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं. "जे तुम्हीच घालत नाही, ते मी मुलांना कसं घालू?" असं म्हणून बाई दाराकडे वळल्या. ऑर्डर चालली, मित्रांनो!

तेवढ्यात ताई आडवी आली. तिनं आपला पाय पुढे केला. "हा मोजा बघा. सहा वर्षं झाली, याच मशीनचा आहे. पाच मिनिटं थांबा, तुमच्यासमोर विणते. नाही पटला तर खुशाल जा." मग मालकांवर डाफरली, "तुम्ही नुसते बघत काय उभे? दोरा लावा!"

बटण दाबलं आणि मी सुटले! कड झाली, पोटरी झाली, टाच वळली... आणि वर तटकन दोरा तुटला. मी जागच्या जागी थबकले. आता संपलं, असंच वाटलं मला. पण ताईनं डोळ्याचं पातं लवायच्या आत गाठ मारली आणि मला पुन्हा सोडलं. मोजा पडला! तिनं बोटांकडचं तोंड शिवून तो बाईंच्या हातात दिला. एका टोकाला बाई, दुसऱ्या टोकाला एक धिप्पाड पालक, अशी रस्सीखेच झाली की विचारू नका. पालक घामाघूम, मोजा जसाच्या तसा!

बाईंनी तो पायात चढवला, दोन फेऱ्या मारल्या आणि खाली बघून हसतच सुटल्या. त्यांच्या दुसऱ्या पायातला मोजा घोट्यापर्यंत गळला होता. तोही बाहेरचाच!

"मालक, आपण सगळे एकाच माळेचे मणी," त्या म्हणाल्या. "ऑर्डर तुमची. दया म्हणून नाही, मोजा टिकतो म्हणून. पण विणणाऱ्यांनी आधी स्वतः घालायचे."

मालकांनी तिथल्या तिथं जांभळे मोजे काढून कचऱ्यात टाकले. आणि आज सकाळी माझ्या दोघी बहिणींवरची ताडपत्री निघाली! घरी बसलेल्या दोन बायका कामावर आल्या. एक तर यंत्रावर हात ठेवून रडत होती आणि हसतही होती.

मित्रांनो, शर्ट असो, मोजा असो की पाव, घेताना एवढं विचारा, "हे आपल्याकडं कुणी बनवतं का?" बनवत असेल आणि चांगलं असेल, तर घ्या. चांगलं नसेल तर तोंडावर सांगा, आम्ही सुधारू. आम्हाला तेल घाला, काम द्या, पण कीव करू नका. माझे मोजे घालून पळा, उड्या मारा, चिखलात लोळा, आणि हिंमत असेल तर फाडून दाखवा! फाटलेच, तर घेऊन या. रफू करायला ताई इथंच आहे.