न तापलेले दगड

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा लोपेटी मिल्डुराच्या द्राक्षमळ्यात वेली छाटत होता. हातातली कात्री ठेवायचंही भान राहिलं नाही. खोलीवर पोहोचला तेव्हा ती मुठीतच होती. एकोणीस वर्षं ऑस्ट्रेलियात काढली होती त्यानं. वडील वारले तेव्हा कागदपत्रं अडकलेली, जाता आलं नाही. त्या वेळी आत्या फोनवर अशी कडाडली होती की शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. "मेल्या, धुराजवळची तुझी जागा रिकामी राहिली! माझ्या वेळी आला नाहीस तर देवाघरून खाली येऊन कान उपटीन."

धुराजवळची जागा म्हणजे काय, हे त्याच्या टोंगा बेटांवरचं शेंबडं पोरही सांगेल. बापाची बहीण मानानं सगळ्यांच्या वर. बाप गेला की त्याची मुलं सगळ्यांच्या खाली, आणि ती गेली तरी तीच. छातीपर्यंत फाटकी चटई गुंडाळायची, प्रेताजवळ जायचं नाही, परसात भट्टीपाशी राबायचं आणि आल्यागेल्याला रांधून घालायचं. बाहेरच्या कुणाला ती जागा मागून मिळत नाही. ज्याची आत्या, त्याचाच धूर.

तेवढ्या धुरासाठी लोपेटी तीन विमानं बदलून आला होता.

दारात वीका भेटली, आत्याची थोरली मुलगी. रडून डोळे सुजलेले, तरी हसून म्हणाली, "आलात! फार दमला असाल. मांडवात पाद्रीबाबांशेजारी तुमची खुर्ची ठेवलीय. आणि पाणी बाटलीतलंच प्या हं, आमचं बाधेल तुम्हाला."

याच वीकाबरोबर त्यानं लहानपणी डुकरांच्या डबक्यातलं पाणी पिऊन जंत करून घेतले होते.

"वीका, माझी चटई कुठाय?"

"कसली चटई?"

"फाटकी. परसात जातो मी."

"अहो, तुम्हाला कशाला तो जाच? साइआ आहे, पोरं आहेत."

"आत्यानं बजावलं होतं मला."

वीकानं खुंटीवरची चटई काढून त्याच्या हातात दिली, लहान मूल हट्टाला पेटलं की खेळणं द्यावं तशी.

परसात त्याचा धाकटा भाऊ साइआ आणि तीन चुलतभाऊ भट्टीच्या खड्ड्याभोवती बसले होते. खड्ड्यात लाकडं धडधडत होती आणि त्यांवर दगडांचा ढीग तापत होता.

"ऑस्ट्रेलिया आली रे!" एक चुलतभाऊ ओरडला.

"दादा, बूट काढ," साइआ म्हणाला, "नाहीतर डुकराबरोबर तेही वाढू पाद्रीबाबांना."

लोपेटी हसला आणि अनवाणी बसला. धूर डोळ्यांत गेला आणि त्याला रडू फुटलं. धुराच्या आड माणसानं किती रडावं, कुणी विचारत नाही. देवानं त्या खालच्या जागेत दडवून ठेवलेली दया आहे ती.

मांडवातून पाद्रीबाबांचं प्रवचन ऐकू येत होतं. बोलता बोलता बाबांचा आवाज वर चढून सुरात शिरायचा. "देवाच्या घरी पाहुणा कोण? कुणीच नाही, कुणीच नाही!" बायका ती ओळ झेलायच्या आणि परसातले पुरुष, लाकडं सारता सारता, खालून खर्ज लावायचे. लोपेटीनंही लावला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या छातीतली गाठ सैल झाली. परक्या मुलखात अठरा जणांच्या खोलीत राहून, साहेबानं दिलेल्या सोप्या नावाला ओ देऊन जे आत घट्ट झालं होतं, ते त्या ओळीनं जरा विरघळलं.

त्या भरात त्यानं घड्याळ पाहिलं. मिल्डुरात चर्चच्या आवारात टोंगाची माणसं लोखंडी पिंपात गॅसवर डुक्कर भाजत, तिथं सगळा हिशेब घड्याळाचाच.

"तासभर झाला. तापले दगड. लावा आता!"

चौघांनी खड्ड्यात पाहिलं. दगडांवरची काजळी अजून जळायची होती. दगड पांढरे पडल्याशिवाय भट्टी लावायची नसते, हे त्या चौघांना पाळण्यात शिकवलेलं.

साइआनं कान खाजवला. "दादा म्हणतोय ना? लावा."

डुक्कर ठेवलं, कोनफळं ठेवली, केळीची पानं घातली, वर माती ओढली.

दुपारी भट्टी उघडली तेव्हा डुकराच्या मांडीतून लाल पाणी निथळत होतं. कोनफळं दगडासारखी टणक, आणि मांडवात दीडशे माणसं पानाची वाट बघत बसलेली.

वीका आली. तिनं मांडीत बोट खुपसून पाहिलं आणि साइआवर तुटून पडली. "अरे मुडद्या! माझ्या आईच्या मातीला कच्चं मांस? डोळे काय घरी ठेवून आलास?"

लोपेटी मध्ये पडला. "वीका, मला बोल. दगड तापले हे मी ठरवलं."

तिचा आवाज एकदम मऊ झाला. "छे हो, तुमची काय चूक? तुम्हाला कसं कळणार?"

"आत्या असती तर कान उपटला असता माझा. तू उपट. आत्याची लेक तू, तुझा हक्क आहे."

ती हसली. पाहुण्यानं विनोद केला की हसतात तशी. मग तिनं स्वतःच्या हातांनी त्याची चटई सोडली आणि खांद्यावरची राख झटकली. "जा, खुर्चीवर बसा जरा."

जाता जाता त्यानं साइआला गाठलं. "तुला काळे दगड दिसत होते?"

"दिसत होते."

"मग बोलला का नाहीस?"

साइआ फावड्यावर रेलला. "चार दिवसांसाठी आलायस, दादा. कशाला तुझं मन मोडायचं?" एवढं बोलून तो वळला आणि चुलतभावावर खेकसला, "गाढवा, लाकडं आण! आता तरी दगड बघ!" चुलतभावानंही त्याला दोन शिव्या हासडल्या.

लोपेटी मांडवात जाऊन बसला. पाण्याची बाटली कुणीतरी बूच उघडूनच ठेवली होती. पाद्रीबाबा वाकून मायेनं म्हणाले, "मग, परत कधी निघणार?"

परसात वीकाचा पट्टा पुन्हा सुरू झाला होता. साइआच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता. त्याच सात पिढ्या लोपेटीच्याही होत्या. बाटली हातात धरून तो कान देऊन ऐकत बसला.