रूपाची दुपारची झोप

रूपाचं डोकं डाव्या कानामागून दुखायला लागायचं आणि संध्याकाळपर्यंत कपाळही ठणकायचं. ती वळ गावातल्या एका गोदामात सकाळच्या शिफ्टला पॅकिंग करायची. डॉक्टरांनी रक्त तपासलं, डोळे तपासले, सगळं ठीक निघालं. "दुपारी जरा पडत जा," एवढंच ते म्हणाले. तशी ती पडायचीही. घरी आली की मधल्या खोलीत कडी लावून आडवी व्हायची. तरी दुखणं जाईना.

मग दिवाळीत ती कशेळीला भावाकडे राहिली आणि डोकं एकदाही दुखलं नाही! भावाचं घर अगदी रस्त्यालगत, ट्रकच्या भोंग्यांनी भांडी थरथरायची. आपल्या शांत घरात दुखतं आणि तिथे नाही, असं कसं? रूपाला छडा लावायचा नादच लागला. उशी वेगळी असेल म्हणून तिने वहिनीची उशी मागून आणली. फरक नाही. चहा सोडला, तर दुखणं वाढलंच.

एका दुपारी ती पडलेली असताना अंगणात चपला वाजल्या. शेजारच्या राहीबाई आल्या होत्या. रूपा ताडकन उठली, कडी काढली आणि केरसुणी हातात घेतली. केर तर सकाळीच काढलेला! तिचे दात घट्ट आवळलेले होते. तिने कानामागे बोट लावून पाहिलं. कळ त्या आवळलेल्या जबड्यातूनच येत होती. कशेळीला मात्र वहिनीनेच चटई अंथरली होती, "झोपा निवांत, कोण येतंय ते मी बघते," म्हणत.

राहीबाई गेल्यावर तिने सासूला, मैनाला विचारलं, "आई, तुम्ही दुपारी झोपायचात?"

मैना हसली. "आमच्यात सून आजारी असली तरच आंग टेकायची. म्हणून मी कधी कधी उगाच आजारी पडायची."

दुसऱ्या दिवशी रूपाने चटई पडवीत टाकली, दार सताड उघडं ठेवून. राहीबाई आल्याच.

"सून बरी न्हाय का गो?" त्यांनी मैनाला विचारलं.

रूपाचा जबडा पुन्हा आवळला.

"बरी हाय," मैना म्हणाली. "दमलीय, म्हणून झोपलीय."

"माझ्या सुनेला नको सांगू हां," म्हणत राहीबाई पायरीवर टेकल्या. दोघींच्या गप्पा हळूहळू लांब जात राहिल्या आणि रूपाला झोप लागली.

डोकेदुखी पुरती गेली असं नाही. गोदामात माल जास्त आला की अजून दुखतं. पण बरेच दिवस आता न दुखता जातात.

परवा मैनाही चटईवर आडवी झाली. तिला बघायचंच होतं, काय होतं ते. पण डोळे छताला लागलेले. "झोप न्हाय येत गो. कान दारातच ऱ्हातात."

"मग दारात मी बसते," रूपा म्हणाली आणि उंबऱ्यात लसूण सोलत बसली. थोड्या वेळाने मागून घोरणं ऐकू आलं.